खिळ्यांविना छापखाना : जुन्या मोबाईलवरच्या लिनक्सविषयी

(सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर मोबाईलवाल्याचं काय काम, असं आपल्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. निमंत्रण आलं तेव्हा माझ्याही मनात आलं होतं. तरी मी विषय बदलून मागितला नाही. ज्या कामाबद्दल बोलणार आहे त्यात स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ फार थोडी येते. बाकी सारा वेळ वाचण्यात, ताडून पाहण्यात आणि लिहिण्यात जातो. म्हणजे आपल्यासारखंच.

सुरुवात सुरतेपासूनच करतो, पण साडेतीनशे वर्षं मागे जाऊन. ईस्ट इंडिया कंपनीचे इथले दलाल भीमजी पारेख यांना छापखाना हवा होता. आपल्याकडचे जुने ग्रंथ छापावेत असा त्यांचा विचार. १६७० मध्ये त्यांनी कंपनीकडे विलायतेहून एक जाणता मुद्रक पाठवण्याची मागणी केली. कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठवला, वर्षाला पन्नास पौंड पगारावर, यंत्र आणि सामानासकट. सगळं आलं आणि घोडं एकाच जागी अडलं. हिल्सला छापता येत होतं, पण इथल्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. ठसे कोरणं आणि खिळे ओतणं हा वेगळा धंदा, त्याची माणसं वेगळी. भीमजींनी खिळे ओतणारा माणूस पाठवा म्हणून पुन्हा लिहिलं, आपली माणसं लावून खटपटही केली. ग्रंथ काही निघाले नाहीत. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावर १९५८ साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यात ही हकिकत आली आहे. मराठीचं व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघालं ते १८०५ साली, आणि तेही दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम कॅरींच्या हातून. यंत्र येऊन पोचल्यावर एकशे एकतीस वर्षांनी.

आता हा फोन पाहा. २०१५ सालचा आहे. काच शाबूत, बॅटरी नवी, चार गाभ्यांचा प्रोसेसर, एक जीबी रॅम. ज्या काळात मी संगणक शिकलो त्या काळातल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा हा दणकट आहे. पण याच्या मालकाने तो भंगारात टाकला होता, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कारण त्याच्या दृष्टीने तो खिळ्यांविना छापखानाच झाला होता.

हे फोन माझ्याकडे कसे आले ते सांगतो. लिंबायतच्या बाजूला मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी टाळेबंदीनंतर एक कापडी पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. आत अकरा फोन. टाळेबंदीत वर्ग फोनवर भरत होते. घरात चांगला फोन एकच, तोही वडिलांबरोबर कारखान्यात गेलेला. तेव्हा लोकांनी कपाटाच्या तळातले जुने फोन काढून मुलांच्या हातात दिले. काही चालले, बरेच रुसले. बाईंचा प्रश्न साधा होता : "हे तुटलेले नाहीत, मग चालत का नाहीत?" मी या कामात पडलो तो त्या एका प्रश्नामुळे. उधना, दिंडोली, लिंबायत या भागांत नंदुरबार-धुळे-जळगावकडून ताप्ती लाईनने आलेली हजारो घरं आहेत. तिथल्या मुलांना हातातून हातात आलेली वस्तू वापरायची लाज नसते. ती वस्तू चालायला मात्र हवी.

तर न तुटलेला फोन का चालत नाही?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नेल असतं. (मराठीत 'कर्नल' लिहिलं की डोळ्यांपुढे लष्करी अधिकारी उभा राहतो, म्हणून मी मुद्दाम 'कर्नेल' म्हणतो.) कर्नेल म्हणजे यंत्राचे भाग आणि वरची ॲप्स यांच्यामधला कारभारी. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं. आज जगभरची माणसं त्यात भर घालतात, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. ही जी सर्वांची एक मूळ प्रत, तिला मेनलाइन म्हणतात.

मोबाईल बनवताना होतं असं. चिप बनवणारी कंपनी मूळ प्रतीची कुठली तरी एक आवृत्ती उचलते आणि आपल्या चिपसाठी त्यात लाखो ओळी घालते. फोन बनवणारी त्यात आणखी घालते. पडदा, स्पर्श, कॅमेरा, सगळं घाईघाईने त्या एका प्रतीत बसवलं जातं, आणि फोन दुकानात येतो. या भरीतलं फारच थोडं मूळ प्रतीत परत येतं. २०१५ मध्ये भारतात सात हजारांच्या आत मिळणारे शाओमीचा रेडमी २ आणि लेनोवोचा ए ६००० हे फोन आठवत असतील. दोन्हींत क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ४१० चिप होती, आणि कर्नेल होतं ३.१० आवृत्तीचं, म्हणजे २०१३ सालातलं. मूळ प्रतीच्या सांभाळणाऱ्यांनी ३.१० ची देखभाल २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये थांबवली. पुढे जगात दुरुस्त्या होत राहिल्या, त्या या फोनांपर्यंत पोचल्या नाहीत.

पोथ्यांवर काम केलेली मंडळी इथे आहेत. एका पोथीची नक्कल केली, नकलाकाराने समासात उपयोगी टिपणं लिहिली, ती नक्कल एका घरात राहिली आणि घर बसलं. टिपणं गेली. फोनमध्ये जे मरतं ते हे. तांबं आणि सिलिकॉन जिवंत असतं. त्या सिलिकॉनविषयी कुणाला तरी जे ठाऊक होतं, ते एकाच नकलेत अडकून पडलेलं असतं.

वरचे परिणाम मग एकेक करून दिसतात. जुन्या अँड्रॉइडवर ॲप बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेलं एक उदाहरण देतो. संकेतस्थळ खरं आहे याची ग्वाही देणारी प्रमाणपत्रं फोनमध्ये आधीपासून भरलेली असतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य छोट्या संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रं देते. अँड्रॉइड ७.१ च्या आधीचे फोन तिचं नवं मूळ प्रमाणपत्र ओळखत नाहीत. जुन्या फोनांसाठी केलेली पर्यायी सोय २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपली. म्हणजे फोन धडधाकट, नेट चालू, आणि एखाद्या छोट्या मराठी नियतकालिकाचं पान उघडायला गेलं की फोन सांगतो : हे ठिकाण धोक्याचं आहे. मुलाला वाटतं, पानच वाईट.

आणि भाषेचं म्हणाल तर, गूगलच्या मूळ अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठी आली २०१४ च्या ५.० आवृत्तीत. त्याआधीच्या ४.४ वर थांबलेल्या फोनला, बनवणाऱ्याने वेगळी सोय केली नसेल तर, मराठी मेनू कधीच मिळाला नाही आणि मिळणारही नव्हता.

मेनलाइनवर फोन आणणं, ज्याला पोर्टिंग म्हणतात, म्हणजे ही अडकलेली माहिती सोडवून सर्वांच्या प्रतीत नीट लिहून काढणं. २०१७ पासून पोस्टमार्केटओएस नावाची एक व्यवस्था नेमक्या याच कामाभोवती उभी आहे. आल्पाईन लिनक्स ही अगदी सडपातळ प्रणाली तिचा पाया. फोन दहा वर्षं चालावा, हे तिचं सुरुवातीपासूनचं उद्दिष्ट. नाव चमत्कारिक आहे, पण अर्थ सरळ : बाजाराने हात झटकल्यानंतरचं.

लिहून काढायचं म्हणजे काय? या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

संगणकाला आपल्यात कोणते भाग आहेत ते बऱ्याच अंशी स्वतःला विचारून कळतं. मोबाईलच्या चिपला कळत नाही. स्पर्शाचा नियंत्रक कुठल्या तारेवर आहे, आवाज वाढवायचं बटण कुठल्या पायाला जोडलंय, पडद्याला किती व्होल्ट द्यायचे, हे कुणी तरी सांगावं लागतं. पूर्वी हे प्रत्येक फोनसाठी प्रोग्रॅमच्या आतच कोंबलेलं असे. हजारो उपकरणं, हजारो कोंबाकोंबी. २०११ मध्ये टोरवाल्ड्स या प्रकारावर जाहीरपणे भडकला, आणि मग मोबाईलच्या चिपांसाठी वर्णन वेगळं आणि प्रोग्रॅम वेगळा ही शिस्त आली. या वर्णनाच्या फाईलला डिव्हाइस ट्री म्हणतात. साधा मजकूर असतो, कुठल्याही संपादकात उघडून वाचता येतो. एक झाड : मुळाशी चिप, तिच्या फांद्यांवर तारा, तारांवर एकेक भाग, आणि प्रत्येक भागापुढे त्याचं कूळ सांगणारी एक ओळ. ती ओळ वाचून कर्नेल आपल्या भांडारातून योग्य ड्रायव्हर काढतं.

हे व्याकरणासारखं आहे, असं मला नेहमी वाटतं. दादोबा पांडुरंगांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १८३६ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण निघालं, आणि पुढे ते या सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा त्यांनी इथेच स्थापली. व्याकरण भाषा निर्माण करत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडी जे आहे त्याचं वर्णन करतं, म्हणजे मग परक्यालाही ती शिकता येते. डिव्हाइस ट्री फोनमध्ये काहीच निर्माण करत नाही. जे आहे ते सांगते, म्हणजे मग फोनला कधीही न पाहिलेलं, दहा वर्षांनंतरचं कर्नेलसुद्धा त्याच्याशी बोलू शकतं.

या वर्णनांतून गमतीदार गोष्टीही बाहेर पडतात. रेडमी २ आणि लेनोवो ए ६००० यांची वर्णनं आज मूळ प्रतीत आहेत. त्या फायलींच्या नावात शाओमीही नाही आणि लेनोवोही नाही. दोन्हींत नाव आहे विंगटेकचं. डब्ल्यूटी ८८०४७ आणि डब्ल्यूटी ८६५१८. दोन ब्रँड, दोन जाहिराती आणि घराणं एकच. टोपणनावाने लिहिणाऱ्या दोघांचं हस्ताक्षर एक निघावं तसं.

स्नॅपड्रॅगन ४१० च्या बाबतीत नशीब बलवत्तर होतं, हेही सांगायला हवं. याच चिपवर ड्रॅगनबोर्ड ४१०सी नावाचा एक विकासक-बोर्ड २०१५ मध्ये निघाला. त्याच्यासाठी लिनारो आणि क्वालकॉम यांच्या अभियंत्यांनी चिपचा मोठा भाग मूळ प्रतीत लिहून दिला. फोनांसाठी नव्हे, बोर्डासाठी. पण झाडाचं मूळ आयतं मिळालं, आणि नंतर हौशी लोकांनी फांद्या जोडल्या. जिथे असं मूळ मिळत नाही त्या चिपांचे फोन आजही तसेच पडून आहेत. माझ्या त्या अकरांपैकी सहा तशा चिपांचे होते. त्यांचं मी काही करू शकलो नाही.

प्रत्यक्षात काम असं चालतं. बनवणाऱ्याने कर्नेलचा स्रोत दिला असेल तर तो वाचायचा. लिनक्सचा परवाना, जीपीएलची दुसरी आवृत्ती, तो देणं बंधनकारक करतो. पण देणारे उशिरा देतात, अर्धा देतात, कित्येक देतच नाहीत. मग फोनमधूनच जुनं वर्णन बाहेर काढून उलगडायचं. पडद्याचं प्रकरण सगळ्यात किचकट. पडदा उजळायच्या आधी त्याला आकड्यांची एक लांब माळ पाठवावी लागते, आणि एकाच मॉडेलच्या फोनांत दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे पडदे असतात. बाहेरून कळत नाही. जुन्या वर्णनातून ती माळ काढून नवा ड्रायव्हर रचून देणारं साधन आता आहे. शिवाय स्नॅपड्रॅगन ४१० च्या फोनांसाठी 'एलके-सेकंड' नावाचा एक दुय्यम बूटलोडर आहे. फोनचा मूळ बूटलोडर याला कर्नेल समजून उठवतो, आणि मग हा आत कुठला पडदा आहे ते पाहून योग्य वर्णन निवडतो. माझा पहिला फोन उठला तेव्हा पडदा काळाच होता. पण केबल लावल्यावर संगणकाला नेटवर्कचं नवं यंत्र दिसलं, आणि त्या काळ्या फोनने एका ओळीत उत्तर दिलं. रात्री दोन वाजता घरच्यांना उठवून दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी दाखवलं.

वर्णन तयार झालं की ते ईमेलने त्या विभागाच्या राखणदारांकडे पाठवायचं. इथे लेखकमंडळींना ओळखीचं वाटेल असं बरंच आहे. नुसता बदल चालत नाही. तो का केला हे मजकुरात लिहावं लागतं. "काम करतं" हे कारण धरत नाहीत. एका पाठवणीत दोन विषय नकोत. नावांचा क्रम ठरलेला. माझं पहिलं वर्णन चार वेळा परत आलं. एकदा तर फक्त रिकाम्या जागांसाठी. आपल्याकडच्या कित्येक संपादकांनी माझे लेख इतक्या काळजीने वाचलेले नाहीत. शेवटी खाली सही करावी लागते, की हे मी लिहिलंय आणि द्यायचा हक्क मला आहे. ही सही २००४ मध्ये सुरू झाली, लिनक्सच्या मालकीवरून कोर्टकज्जे चालू असताना. उसनवारी कुठून आली हे लिहून ठेवण्याची ही सवय आपल्या प्रबंधलेखनात रुजली तर फार बरं होईल, असं एक शिक्षक म्हणून जाता जाता म्हणून ठेवतो.

इतकं झालं की फोन उठतो, पडदा दिसतो, बोट लागतं. वाय-फाय मात्र लागत नाही. इथे हेन्री हिल्स पुन्हा दारात उभा राहतो.

फोनमध्ये एक संगणक नसतो, चार-पाच असतात. वाय-फायचा वेगळा, मोडेमचा वेगळा, व्हिडिओचा वेगळा. त्या प्रत्येकाला स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लागतो, तो फर्मवेअर. सुरतेत हे समजावणं सोपं आहे. जेकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ चढवतात, आणि नक्षी कुठली येणार ते कार्डं ठरवतात. माग उत्तम आहे, कारागीर उत्तम आहे, कार्डं नाहीत, तर साधं कापड निघेल, नक्षी नाही. मुख्य कर्नेल मागाचा कारागीर झाला. तो वाय-फायच्या भागापाशी जातो, भांडारात ठरलेल्या नावाची फाईल शोधतो, ती नसली की नोंदवहीत "सापडली नाही" अशी ओळ लिहून पुढे जातो. फोन चालू, वाय-फाय बंद.

ही फाईल मी लिहू शकत नाही. तिचा स्रोत चिपवाल्याकडे आहे. शिवाय तिच्यावर फोन बनवणाऱ्याची डिजिटल मोहर असते. मोहर जुळली नाही तर भाग ती स्वीकारतच नाही. एकाच चिपचे दोन फोन, तरी एकाची फाईल दुसऱ्याला चालेलच असं नाही. वाय-फायला आणखी एक छोटी फाईल लागते, त्या फोनच्या अँटेनाच्या मोजमापांची. दुसऱ्याचं मोजमाप घातलं तर वाय-फाय लागतं, पण खोलीच्या दाराबाहेर गेलं की तुटतं. उसना चष्मा घातल्यासारखं.

या सगळ्याला बांधून, नाव देऊन, ठरल्या जागी पोचवणं म्हणजे फर्मवेअरचं पॅकेजिंग. तंत्र म्हणून काहीच नाही : कुठून घ्यायचं, कुठे ठेवायचं, कोणत्या परवान्याखाली, इतकंच एका छोट्या फाईलमध्ये लिहायचं असतं. घोडं पेंड खातं ते परवान्यापाशी. चित्रं काढणाऱ्या भागाचं फर्मवेअर क्वालकॉमने वाटायला मोकळं केलेलं आहे. ते सगळ्यांच्या सामायिक फर्मवेअर-संग्रहात मिळतं. मोडेम आणि वाय-फायचं, त्या त्या फोनची मोहर असलेलं, सहसा तसं मिळत नाही. ते प्रत्येक फोनच्या आत आहे, फोन विकत घेणाऱ्याने त्याचे पैसे दिलेले आहेत, पण एकाने दुसऱ्याला देण्याची परवानगी कुठेच लिहिलेली नाही. लिहिलेली नाही म्हणजे नाही. तेव्हा स्नॅपड्रॅगनच्या फोनांसाठी शहाणी वाट काढली गेली : फाईल वाटायचीच नाही. फोन उठताना एक छोटा प्रोग्रॅम त्याच फोनच्या जुन्या कप्प्यात जातो, तिथली फर्मवेअर जागच्या जागी उघडतो आणि कर्नेलला दाखवतो. ज्याचं त्याच्याच घरात. मला ही युक्ती फार आवडते, पण तिची अट कडक आहे. तो कप्पा कुणी पुसला नसला पाहिजे.

मी पुसला. पिशवीतल्या तिसऱ्या फोनचा. जागा मोकळी करायच्या नादात दोन कप्पे अनावश्यक समजून रिकामे केले. ते निघाले मोडेमच्या खासगी नोंदींचे, ज्यात फोनचा आयएमईआय क्रमांक असतो. फोन त्या दिवसापासून नेटवर्कला दिसेनासा झाला. ज्यांना विचारलं त्यांतल्या एका दुरुस्तीवाल्याने दुसरा एखादा क्रमांक भरून देतो म्हटलं. आपल्याकडे तो गुन्हा आहे, आणि नसता तरी मी केलं नसतं. तो फोन आता फक्त वाय-फायवर चालतो. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, काहीही करण्याआधी सगळ्या कप्प्यांची प्रत संगणकावर काढा, ती उघडून तपासा, मगच हात लावा. जनता मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्या पोरांना हे माझ्याआधी ठाऊक होतं. त्यांना विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मालकीच्या फर्मवेअरला हात लावावा का, यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत जुना वाद आहे. (मराठीला 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीला एका शब्दावर भागवावं लागतं, आणि त्यामुळे तिकडे प्रत्येक भाषणात पाच मिनिटं खुलाशात जातात.) डेबियनसारख्या कडव्या प्रकल्पानेही २०२२ मध्ये मतदान घेऊन, अशी फर्मवेअर अधिकृत स्थापना-माध्यमात घ्यायची असं ठरवलं, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत तिच्यासाठी स्वतंत्र विभाग केला. मला हा निर्णय पटतो. शुद्धता राखायची म्हणून मुलाच्या हातातला फोन वाय-फायशिवाय ठेवणं माझ्याच्याने होत नाही. पण त्याचवेळी, विकणं थांबवलेल्या उपकरणाची फर्मवेअर वाटायला मोकळी करावी, एवढी एक ओळ आपल्या ग्राहक-कायद्यात यावी असंही वाटतं. केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ च्या डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. युरोपने २०२५ च्या जूनपासून, फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं प्रणालीच्या सुधारणा मिळतील अशी अट घातली. फर्मवेअर दुसऱ्याला देण्याच्या हक्कावर मात्र दोन्हीकडे शांतता.

आता मराठीकडे येतो. नव्या प्रणालीत देवनागरीची जुळणी चांगली होते : जोडाक्षरं, वेलांट्या, 'दुसऱ्या'मधला अर्धा र. नोटो देवनागरी हा टंक बसवता येतो, आणि मराठी भाषा निवडली तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटवण्याची त्यात सोय आहे. रेड हॅटने मुक्त परवान्यावर दिलेला लोहित मराठीही आहे. उणिवा पण सांगतो. आल्पाईनच्या पायातच भाषा-प्रदेशांची सोय तोकडी आहे. नोम या कार्यपटाचं मराठीकरण पूर्वी पुण्याच्या मंडळींनी नेटाने केलं होतं. आता ते मागे पडलं आहे, मेनूत अर्धी मराठी अर्धी इंग्रजी दिसते. पडद्यावरचा कळफलक कसा असावा हे एका साध्या मजकूर-फाईलमध्ये लिहिलेलं असतं : ओळ पहिली, ओळ दुसरी, कुठल्या कळीवर कुठलं अक्षर. ही फाईल लिहायला अभियंता लागत नाही. ज्याला इनस्क्रिप्ट येतं आणि ज्याने दहा वर्षांच्या मुलाला 'ज्ञ' शोधताना पाहिलंय, असा माणूस लागतो. तो माझ्यापेक्षा या सभागृहात सापडण्याची शक्यता जास्त.

पिशवीतल्या अकरांपैकी पाच फोन आज चालतात. चालतात म्हणजे काय, हेही नीट सांगतो. कॅमेरा चालत नाही. पैसे पाठवायची ॲप्स चालत नाहीत, चालतील अशी आशाही नाही. कॉलचं तर आपल्या देशात वेगळंच त्रांगडं आहे. जिओचं जाळं २०१६ मध्ये आलं ते निव्वळ फोर-जी. त्यावर आवाजही डेटासारखाच जातो, आणि ती रीत या फोनांवर मला अजून जमलेली नाही. जिथे टू-जी आहे त्या कंपन्यांच्या कार्डावर चार फोनांचा कॉल लागतो. म्हणजे घरातला एकमेव फोन म्हणून हे देण्यासारखे नाहीत, आणि बाईंना मी तसं स्पष्ट सांगितलं.

बाईंनी ते वर्गात ठेवले. त्यांवर मराठी विकिपीडियाची ऑफलाइन प्रत घातली आहे. मुलं त्यात जास्त करून क्रिकेटपटू आणि आपापल्या गावांची नावं शोधतात. गावाचं पान सापडलं नाही की तक्रार करतात. एका मुलीने दोन महिन्यांत त्यावर अहिराणीतल्या म्हणी टाइप करून ठेवल्या आहेत, आजीला विचारून विचारून. परवा बाईंचा निरोप आला : चार्जर एकच उरलाय. जुन्या चपट्या मायक्रो यूएसबीचे चार्जर आपल्यापैकी कुणाच्या घरी पडून असतील तर चहाच्या वेळी मला भेटा. फोन इथे टेबलावर ठेवतो आहे, हाताळून पाहा. बॅटरी सत्तर टक्के आहे.